थंडीत पत्र्याच्या गॅरेजमध्ये टपटप: निफाडकडच्या एका शेडचं प्रकरण

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातलं द्राक्षबागायतदार कुटुंब आहे. नाव-गाव मुद्दाम देत नाही, घरातल्या मोठ्या माणसाला नाना म्हणू. घराला लागून त्यांनी साधारण २४ बाय ४० फुटांचं शेड मारलं. म्हणायला गॅरेज, पण आत कार, छोटा ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, कोपऱ्यात वेल्डिंग मशीन, आणि हंगाम जवळ आला की मागच्या भिंतीला लावून द्राक्षाच्या पॅकिंगचे कोरे बॉक्स, असा सगळा संसार.

बांधकाम आपल्याकडे सगळीकडे असतं तसंच. लोखंडी कैच्या, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) सी-पर्लिन, म्हणजे कैच्यांवर आडवे टाकलेले पत्र्याचे आधार, त्यावर ०.५ एमएमचा कलर कोटेड पत्रा, उजेडासाठी मधे दोन फायबरचे पारदर्शक पत्रे. तीन बाजूंनी ब्लॉकची भिंत, पुढे रोलिंग शटर. खाली मुरूम भरून, दाबून, त्यावर थेट काँक्रीट ओतलेलं, मधे प्लास्टिकचा कागद वगैरे काही नाही. छताचा उतार कमीच.

निफाडची थंडी वेगळी सांगायला नको, डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात येतच असतो. त्यात चारी बाजूंनी बागायत, ठिबक चालू, त्यामुळे पहाटे दव इतकं की बाहेर उभ्या गाडीची काच वायपर मारल्याशिवाय दिसत नाही.

पहिल्या हिवाळ्यात फारसा त्रास नव्हता कारण भिंत आणि पत्रा यांच्यामधे जवळपास सहा इंचाची फट होती. मग उंदरांनी गाडीची वायरिंग कुरतडली, त्याच्या मागावर एकदा सापही निघाला, तेव्हा काकू म्हणाल्या की हे आधी बंद करा, नाहीतर मी त्या शेडात पाऊल टाकणार नाही. उन्हाळ्यात ती फट विटा आणि फोमने गच्च बुजवली. त्या वेळी यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर उंदरांसाठी ते बरोबरच होतं.

समस्या

पुढच्या डिसेंबरात पत्र्यातून पाणी पडायला लागलं. बॉनेटवर रोज सकाळी थेंबांची सरळ ओळ, बरोब्बर पर्लिनच्या खाली. ट्रॅक्टरच्या सीटवर पाणी. पाना-पक्कडवर तांबूस गंज चढायला लागला, पर्लिनवर पांढरी पावडर जमली, आणि सगळ्यात महागात पडलं ते म्हणजे वरच्या थरातले बॉक्स ओले होऊन मऊ पडले. ज्या बॉक्समधे माल भरून गाडी लोड करायची तोच बॉक्स हातात वाकायला लागला तर माणूस चिडणारच.

घरात सगळ्यांचं एकच मत, पत्रा गळतोय. मिस्त्रीला बोलावलं, त्याने वर चढून प्रत्येक स्क्रूवर सिलिकॉन मारलं, ओव्हरलॅपला टेप लावली. टपटप चालूच. मग वॉटरप्रूफिंगवाला आला, त्याने वरून कोटिंग मारलं आणि पैसे घेऊन गेला. तरी टपटप चालूच.

मी शेडच्या कामात असल्यामुळे नानांच्या भाच्याने मला फोन केला. मी पहिला प्रश्न विचारला तो पावसाळ्याचा.

"नाना, जुलै-ऑगस्टमधे किती गळत होतं?"

"पावसाळ्यात? एक थेंब नाही."

"आणि मधे अवकाळीचं वातावरण झालं होतं त्या दोन दिवसांत?"

नाना जरा थांबले. "आता तुम्ही विचारलं म्हणून आठवतंय, त्या दोन्ही रात्री शेड कोरडं होतं. मी ह्यांना म्हणालोही, बघा सिलिकॉनचा गुण आला."

इथेच अर्धं प्रकरण सुटलं. जे छत मुसळधार पावसात कोरडं आणि चांदण्या रात्री ओलं, ते गळत नाहीये, त्याला आतून घाम फुटतोय. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. ढग असले की ते उष्णता परत खाली पाठवतात, म्हणून पत्रा तेवढा गार पडत नाही.

याचा पुरावा शेडातच होता. ईशान्येच्या कोपऱ्यावर मोठा कडुलिंब आहे, त्याची फांदी पत्र्यावर आडवी आलेली. त्या फांदीखालचा सात-आठ फुटांचा पट्टा आतून कोरडा, आणि फांदी जिथे संपते तिथून थेंब सुरू. पत्रा तोच, स्क्रू तेच, मिस्त्री तोच, फक्त वर आकाश दिसत नव्हतं. नानांना तिथे उभं केलं आणि वर बघायला लावलं, त्यानंतर गळतीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मोजमाप

अंदाजावर पुढे जायचं नव्हतं. साधं डिजिटल आर्द्रतामापक आणि एक इन्फ्रारेड गन, एवढंच सामान. इथे एक सांगतो, चकचकीत जीआयवर ही गन खोटं बोलते, भलताच आकडा दाखवते. म्हणून पर्लिनवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवायचा, अर्धा तास जाऊ द्यायचा आणि त्या टेपवर मोजायचं.

पहाटे साडेपाचच्या सुमारास बाहेर ८ अंश, आत १२ अंश, आतली आर्द्रता ८८ टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण १० अंश येतो, म्हणजे १० च्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणारच. पत्र्याची खालची बाजू होती ७ च्या आसपास. पत्रा निर्दोष ठरला!

पण मला खटकत होतं ते पाण्याचं प्रमाण. २० अंशाच्या ओल्या-गच्च हवेत घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशाला साधारण ९. शेडात हवा सगळी मिळून साडेतीनशे घनमीटर. म्हणजे अगदी संध्याकाळची हवा पूर्ण ओली धरली तरी रात्रभरात त्यातून सुटणारं पाणी तीन लिटरच्या आत. खाली ठेवलेली घमेली बघता पडत त्याहून जास्त होतं, आणि रोज पडत होतं. म्हणजे शेडात रात्रभर कुठून तरी नवीन वाफ येत होती.

फरशीवर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचे तुकडे चारी बाजूंनी टेप लावून चिकटवले, दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवले. उचलल्यावर शटरजवळचा तुकडा कोरडा, पण मागच्या भिंतीकडचे खालून चक्क ओले आणि त्याखालचं काँक्रीट काळपट. बाहेर जाऊन बघितलं तर त्याच भिंतीच्या पायाशी घराच्या पन्हाळीचा पाइप सुटलेला, शेजारी गाड्या धुवायचा नळ, आणि पाणी जायला नाली नाही. पावसाळ्यात तर तिथे डबकंच असणार. मुरमातून ती ओल फरशीखाली जाऊन वर उठत होती.

त्यात दोन सवयी. संध्याकाळी ब्लोअर आणि गाडी धुवून तशीच ओली आत लावायची आणि शटर खाली ओढायचं. आणि हंगामात मजुरांचा चहा-नाश्ता शेडातच गॅसच्या शेगडीवर. लोकांना हे पटत नाही, पण एक किलो एलपीजी जळला की त्यातून दीड किलोच्या वर पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं, वर पातेल्याची वाफ वेगळी.

कोणते पर्याय समोर होते

मिस्त्रीचं म्हणणं, टर्बो व्हेंटिलेटर बसवा, चार नग, काम फत्ते. ही सूचना आपल्याकडे सर्रास दिली जाते आणि अर्धी बरोबर असते म्हणूनच घोळ होतो. फिरता पंखा वाऱ्यावर चालतो, आणि घाम फुटतो तो नेमका वारा पडलेल्या, निरभ्र, स्थिर रात्री. बरं, समजा हवा खेळली तरी रात्री बाहेरची हवा स्वतःच दवाने भरलेली. आतली वाफ फार तर बाहेरच्या पातळीला येईल, त्याच्या खाली नाही, आणि पत्रा तर बाहेरच्या हवेपेक्षाही गार. चारी बाजूंनी मोकळ्या कार-पोर्चच्या पत्र्याखालीही पहाटे थेंब दिसतात ते याचमुळे. म्हणून हवा खेळवणं हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही, हे नानांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मिस्त्रीला शेवटपर्यंत पटलं की नाही मला शंकाच आहे.

धाकट्या मुलाने मोबाइलवर बघून स्प्रे फोमचा पर्याय काढला. पत्र्याला खालून फवारायचा, कुठे फट राहत नाही, कामाला उत्तम. पण ज्या शेडात वेल्डिंग आणि ग्राइंडर चालतो तिथे हा पीयू (पॉलियुरेथेन) फोम उघडा ठेवायला मी तरी सुचवणार नाही, पेटला तर धूर जीवघेणा असतो. त्यावर आगीपासून बचावाचं वेगळं कोटिंग घ्यायचं म्हटलं की खर्च कुठच्या कुठे. थर्माकोलच्या शीट खालून चिकटवायचा विचार याच कारणाने बाद. शिवाय थर्माकोलच्या जोडांतून वाफ वर जाते आणि मग पाणी तिथे वर, डोळ्याआड साठतं.

पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग काकूंना आवडलं होतं, दिसायला छान म्हणून. पण पत्रा आणि सीलिंगमधे घाम फुटायचा तो फुटणारच, वर उंदरांना हक्काचं घर. उंदीर म्हटल्यावर काकूंनी स्वतःच तो पर्याय खोडला.

सगळा पत्रा काढून पफ पॅनल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेले तयार पॅनल) टाकायचे हा खरं तर सगळ्यात चोख मार्ग, पण चांगला पत्रा भंगारात घालायचा आणि वर तेवढे पैसे, नानांनी ऐकूनच हात जोडले. खालून फेल्टचा थर चिकटवलेला पत्राही मिळतो, तो फेल्ट रात्रीचं पाणी धरून ठेवतो आणि दिवसा सुकतो. कल्पना साधी आणि चांगली, पण तो थर कारखान्यातच लागून येतो, त्यामुळे नवीन पत्रा घेणं आलंच. घामविरोधी पेंटही विचारात घेतला. किरकोळ घामाला तो पुरतो, इतक्या ओलीला नाही.

उरला फॉइल लावलेला एक्सएलपीई फोम, म्हणजे गुंडाळीत मिळणारा पॉलिथिनचा फोम. त्यातही दोन वाटा होत्या. खालून पर्लिनच्या मधे-मधे चिकटवायचा, म्हणजे पत्रा हलवायला नको. किंवा पत्रे उचलून पर्लिनच्या वरून अखंड अंथरायचा आणि पत्रे परत मारायचे.

निर्णय कसे झाले

पहिला निर्णय क्रमाचा होता. नानांना थेट छताचं काम हवं होतं, बॉक्सची ऑर्डर तोंडावर आलेली. माझा आग्रह की आधी खालची ओल आणि सवयी, मग छत. कारण वाफेचा पुरवठा तसाच राहिला तर फोमच्या एखाद्या सुटलेल्या जोडातूनही ती वर जाऊन बसेल. शेवटी असं ठरलं की त्या हंगामापुरते बॉक्स घराच्या पडवीत हलवायचे, बाहेरचं काम लगेच करायचं आणि छत उन्हाळ्यात उघडायचं. हंगामात पत्रे उचलायला मजूरही मिळत नाहीत, त्यामुळे हे आपोआप सोपं झालं.

बाहेरचं काम असं: पन्हाळीचा पाइप लांब नेऊन नालीत सोडला, मागच्या भिंतीला लागून तीन फुटांचा उताराचा कोबा, त्याला लागून नाली, धुवायची जागा पलीकडे रस्त्याच्या बाजूला. शेगडी बाहेरच्या मांडवात गेली. धुतलेली गाडी निथळल्याशिवाय आत घ्यायची नाही. फरशी फोडून खाली प्लास्टिक टाकायचा विषय निघाला होता, पण मी म्हटलं आधी एक पावसाळा जाऊ दे, मग प्लास्टिकचे तुकडे परत लावून बघू. वरून इपॉक्सी मारायला मात्र मी नको म्हटलं, खालून ओल दाबत असेल तर तो फुगे धरून सुटतो.

दुसरा निर्णय, फोम खालून की वरून. खालून लावला असता तर पर्लिन उघडे राहिले असते आणि थेंबांची ओळ तर पर्लिनखालीच होती. पत्र्याला थेट टेकलेलं लोखंड तेवढंच गार पडतं. म्हणून पत्रे उचलायचे ठरले. मिस्त्रीची भीती होती ती खरी होती, परत बसवताना जुनी भोकं जुळली नाहीत तर मात्र पावसाळ्यात खरोखरची गळती सुरू होईल. त्यावर त्यानेच उपाय काढला, प्रत्येक पत्र्यावर खडूने नंबर आणि बाणाची खूण, एका वेळी चारच पत्रे उचलायचे आणि त्याच जागी परत मारायचे. फोमच्या जाडीमुळे स्क्रू लांब घेतले आणि वॉशर सगळे नवीन.

तिसरा, जाडी. मिस्त्री ५ एमएमवर अडून बसला होता, सगळीकडे तेच लावतो म्हणून. उन्हाळ्याच्या तापासाठी ५ चालून जातं, कारण तिथे फॉइलची चकाकीच बरंचसं काम करते. थंडीत मात्र हीच चकाकी उलटते. आत तोंड करून असलेली फॉइल खालची ऊब शोषत नाही, त्यामुळे तिचा पृष्ठभाग साध्या रंगापेक्षा थोडा गारच राहतो. आकडेमोड केली तर ५ एमएमला खालची बाजू दवबिंदूच्या खालीच येत होती, १० एमएमला काठावर, आणि आर्द्रता कमी केली की आरामात वर. म्हणून १० घेतला. फॉइलच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून अॅल्युमिनियम टेपने बंद केल्या, भिंतीच्या कडेलाही पट्टी लावून हवा वर जायची वाट बुजवली. टेप लावायचं काम कंटाळवाणं असतं आणि मजूर तिथेच हात आखडता घेतात, तेव्हा त्या कामाला धाकट्या मुलाला उभं केलं.

चौथा, ती बुजवलेली फट. परत उघडली, पण अर्धा इंची जाळी मारून, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींत उंचावर लूव्हर, म्हणजे हवेसाठी तिरप्या पट्ट्यांची झडप. सोबत एक दिनक्रम ठरवला: सकाळी दव उतरल्यावर, दहा-अकराला शटर पूर्ण वर, दिवस कलायच्या आत खाली. हिवाळ्यातली दुपारची हवा आपल्याकडे चांगली कोरडी असते, फरशी आणि सामान सुकवायचं काम तीच करते. मी पोचायच्या आधी नेमकं उलटं चालू होतं, दिवसभर चोराच्या भीतीने बंद आणि एखाद्या रात्री कुणीतरी "हवा खेळू दे" म्हणून शटर अर्धं उघडं ठेवायचं.

काय झालं

छताचं काम व्हायच्या आधीच, नुसती शेगडी आणि धुणं बाहेर गेल्यावर त्याच हिवाळ्याच्या उरलेल्या दिवसांत टपटप निम्म्यावर आल्याचं नाना सांगतात. पुढच्या पावसाळ्यानंतर प्लास्टिकचे तुकडे परत लावले, एक कोपरा सोडला तर सगळीकडे कोरडं. त्यामुळे फरशी फोडायचा खर्च वाचला. त्या कोपऱ्यात बॉक्स ठेवत नाहीत आणि बाकीचे लाकडी पॅलेटवर असतात.

पुढच्या हिवाळ्यात पहाटे आतली आर्द्रता पंचाहत्तरच्या आसपास, फोमची खालची बाजू कोरडी. बॉक्स कडक. उन्हाळ्यात दुपारी शेडात उभं राहता येतं हा वरचा फायदा, नाना लोकांना आधी तोच सांगतात.

पण सगळं मिटलं असं नाही. ते दोन फायबरचे पारदर्शक पत्रे तसेच राहिले होते. फोम लावला असता तर उजेड गेला असता म्हणून ते सोडून दिले, आणि कडक थंडीच्या पहाटे तिथून अजूनही थेंब पडतात. एका पत्र्याखाली आता काही ठेवत नाहीत. दुसरा नेमका गाडीच्या वर होता, तिथे खालून आतून पोकळ असलेली पॉलिकार्बोनेटची शीट मारून मधे हवेचा थर ठेवला, कडा टेपने बंद केल्या. ती शीट थोडी धुरकट दिसते पण गाडीवर थेंब नाही. पर्लिनखाली निघालेल्या काही स्क्रूंच्या टोकांनाही फार थंडीत एखादा थेंब लटकलेला दिसतो, तो पडायच्या आत सुकतो.

वेगळं काय करता आलं असतं

बांधतानाच काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टाकला असता तर फरशीची ओल हा विषयच निघाला नसता. सगळ्या शेडच्या खर्चात तो कागद हिशोबातही दिसत नाही, पण काँक्रीट ओतल्यावर तो टाकता येत नाही. तसंच फोम किंवा फेल्टवाला पत्रा पहिल्याच वेळी घेतला असता तर उचला-बसवाची दुहेरी मजुरी वाचली असती.

उतार अजून द्यायला हवा होता असं मला वाटतं. जास्त उताराच्या पत्र्याखाली थेंब जमला तरी बराचसा पत्र्याला धरून कडेकडे घसरतो, कमी उतारावर तो जागेवरच लटकतो आणि पडतो. नाना मात्र म्हणतात की उंची वाढली असती तर घराची खिडकी झाकली गेली असती, आणि त्यांच्या जागेचा विचार करता तेही बरोबर आहे.

फट बुजवताना जाळीचा विचार झाला असता तर उंदीरही बाहेर आणि हवाही आत. सिलिकॉन आणि कोटिंगवर गेलेले पैसे टाळता आले असते, त्यासाठी फक्त कोणत्या रात्री टपकतं आणि कोणत्या रात्री नाही हे आठवडाभर कॅलेंडरवर खुणा करून बघायला हवं होतं. कडुलिंबाखालचा कोरडा पट्टा तर पहिल्या दिवसापासून तिथेच होता. आता ती फांदी पत्र्यावर घासते म्हणून छाटायची का, यावर घरात वाद चालू आहे. मी म्हटलं घासत असेल तर छाटा, खाली आता फोम आहे.